सुनेचं रॉकेट आणि माझा रुमाल

त्या व्हिडिओत कुणीही काहीही कापलेलं नाही आणि जोडलेलंही नाही.

हे एक वाक्य लिहायला मला काही वर्षं लागली. मध्यंतरी मी नातेवाइकांना, सोसायटीतल्या लोकांना, सकाळी फिरायला येणाऱ्या मंडळींना आणि एकदा तर दाताच्या डॉक्टरांनाही सांगितलं, की तो व्हिडिओ एडिट केलेला आहे, हल्ली कॉम्प्युटरवर माणसाच्या तोंडी काहीही घालता येतं. (डॉक्टरांना सांगताना माझ्याच तोंडात कापूस होता. त्यांनी मान हलवली, पण ती पटलं म्हणून की ‘आ’ मोठा करा म्हणून, ते कळलं नाही.) आता केतकीचं दुसरं रॉकेट उडायचं आहे. आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी गायकवाड साहेब परवा म्हणाले, "शिरोडकर काका, या वेळी सुरुवातीला दोन शब्द तुम्ही बोला." त्या दोन शब्दांच्या आधी हे बाकीचे शब्द बाहेर पडलेले बरे.

केतकी म्हणजे माझी सून. मी पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालो. पाणी वरून खाली येतं, या एका तत्त्वावर माझी सगळी नोकरी झाली. अशा घरात वस्तू खालून वर नेणारी मुलगी आली, याचा मला इतका अभिमान होता की मी तो कुणाला वाटूनही देत नसे. केतकीचे वडील पाटणकर डोंबिवलीत राहतात. शाळेत गणित शिकवायचे. बोलणं इतकं हळू की मागच्या बाकावरची मुलं कशी शिकली असतील देव जाणे. त्या माणसाला मी एकदा सांगितलं, "आमच्या सुनेला लहानपणापासून यंत्रांची आवड. घरातलं घड्याळ उघडून बसायची म्हणे."

पाटणकर म्हणाले, "हो का?"

ते घड्याळ त्यांच्या घरातलं होतं.

तर केतकी दक्षिणेतल्या एका खासगी कंपनीत रॉकेटच्या इंजिनावर काम करते. माझा मुलगा अमोलही तिकडेच असतो, पण तो संगणकावर काहीतरी करतो आणि ते पडलं तरी आवाज होत नाही. कंपनीचं पहिलं रॉकेट उडायचं ठरलं, तेव्हा बाळकुमच्या आमच्या सोसायटीत सगळ्यांत आधी ‘खासगी रॉकेट’ म्हणजे काय यावर चर्चा झाली.

"खासगी बस ऐकली होती," तळमजल्यावरच्या कुलकर्णी काकू म्हणाल्या. "रॉकेट कसं खासगी?"

"म्हणजे सरकारचं नाही. कंपनीचं."

"शेअर रिक्षासारखं? सीट भरल्याशिवाय सोडत नाहीत?"

मी हसलो. पुढे उड्डाण वाऱ्यामुळे पुढे ढकललं गेलं, मग कुठल्याशा झडपेमुळे ढकललं गेलं, मग समुद्रात मनाई केलेल्या भागात एक मच्छीमारांची होडी शिरली म्हणून ढकललं गेलं. दर वेळी कुलकर्णी काकू गॅलरीतून विचारत, "काय हो शिरोडकर, अजून सीट भरली नाही वाटतं?" आणि मला हसू येईनासं झालं.

केतकीने मला फोनवर आधीच बजावलं होतं. "बाबा, पहिलं उड्डाण आहे. पहिली बहुतेक पडतातच. ते नुसतं जमिनीवरून नीट सुटलं तरी आम्ही नाचणार आहोत. तुम्ही कुणाला जास्त सांगू नका."

"शुभ बोल गं," मी म्हटलं. आणि फोन ठेवून कल्याणला भाच्याला फोन लावला.

आमच्या संदीपचं कल्याणला फ्लेक्सचं दुकान आहे. आपल्याकडे वाढदिवस, बारावीचा निकाल, नवी रिक्षा, नगरसेवकाच्या मेव्हण्याचा साखरपुडा, कशालाही बॅनर लागतो. मग रॉकेटला का नको? आणि उडाल्यानंतर छापायला टाकलं तर मिळणार कधी? पाटबंधाऱ्यात मी एकच गोष्ट शिकलो होतो, उद्घाटनाची पाटी धरणाच्या आधी तयार ठेवायची.

"मामा, यशस्वी उड्डाण लिहू की नुसतं उड्डाण?" संदीपने विचारलं.

"अरे, यशस्वीच लिही. नुसत्या उड्डाणाला कोण बॅनर लावतं?"

"आणि रॉकेटचा फोटो?"

"तुझ्याकडे असेल ना एखादा?"

"आहे ना. दिवाळी सेलचा."

बॅनर आले. एक सोसायटीच्या गेटवर, एक माजिवड्याच्या नाक्यावर, पुलाच्या तोंडाशी. ‘आमच्या लाडक्या सूनबाई सौ. केतकी शिरोडकर यांच्या रॉकेटच्या यशस्वी उड्डाणाबद्दल हार्दिक अभिनंदन!’ डावीकडे हात जोडलेला मी, पुरुषभर उंचीचा. उजवीकडे केतकी, पासपोर्टच्या मापाची. (फोटो लहान होता, मोठा केला की फाटतो, असं संदीप म्हणाला. माझाही फोटो लहानच होता, पण तो फाटला नाही.) मध्ये रॉकेट. मी अमोलला फोटो पाठवला. थोड्या वेळाने केतकीचा निरोप आला.

"बाबा, रॉकेटला खाली काडी आहे."

मी चष्मा पुसून पाहिलं. होती. बाटलीत उभं करायची काडी. पण तोवर बॅनर बांधून झाला होता, आणि इतक्या उंचावरची काडी कोण पाहतंय, असा विचार मी केला. माजिवड्याला गाड्या किती वेळ तुंबून उभ्या असतात, हे मला नव्याने कुणी सांगायला नको होतं. तिथे माणूस बॅनर वाचत नाही, पाठ करतो.

अखेर उड्डाणाची सकाळ उगवली. कंपनी ते थेट दाखवणार होती. गायकवाड साहेबांनी सोसायटीच्या हॉलमध्ये पडदा, प्रोजेक्टर, खुर्च्या सगळं स्वतः मांडलं. पेढे माझे. (आधीच्या प्रत्येक तारखेलाही मी पेढे आणले होते. आमच्या घरात सगळ्यांच्याच गालांवर त्या महिन्यात थोडी सूज होती.) गेटवर बाळाराम भोईरची बेंजो पार्टी. बाळाराम बाळकुम गावातला, त्याच्या वडिलांपासून वाजवणं. हळद असो, साखरपुडा असो, त्याने ट्रॉलीवरचा कर्णा सुरू केला की पलीकडच्या इमारतीतल्या कपाटांच्या काचा साथ देतात.

त्याला मी समजावलं, "बाळाराम, आतलं तुला दिसणार नाही. मी त्या खिडकीत उभा राहतो. रॉकेट व्यवस्थित गेलं की हा पांढरा रुमाल दाखवीन. रुमाल दिसला की वाजवायचं."

"आनि नाय दिसला तं?"

"दिसेल रे."

"नाय, समजा."

"नाही दिसला तर नाही वाजवायचं. पण दिसला की थांबायचं नाही. मी काहीही केलं तरी थांबायचं नाही. मी लाजेन, नको नको म्हणेन, ऐकायचं नाही."

ही शेवटची सूचना मीच दिली, हेही आज लिहून ठेवतो.

मी आणखी एक गोष्ट केली होती. इथल्या एका स्थानिक वृत्तवाहिनीला फोन करून बातमीदार बोलावला होता. एक तरुण मुलगी माईक घेऊन आणि एक मुलगा कॅमेरा घेऊन आले. मी त्यांना बॅनरसमोर कुठे उभं राहायचं तेही दाखवलं. त्यांनी बिचाऱ्यांनी माझं पूर्ण नाव दोनदा विचारून घेतलं.

हॉल भरला. पाटणकर डोंबिवलीहून आलेले, शेवटच्या रांगेत भिंतीला टेकून बसले. मी म्हटलं, "पुढे या की." ते म्हणाले, "इथे बरंय." माझी बायको सुमन त्यांच्याशेजारी जाऊन बसली. पहिल्या रांगेत मधोमध माझी खुर्ची, पण रुमालाच्या कामामुळे मी खिडकीपाशी उभा.

पडद्यावर आकडे उलटे सुरू झाले, तशी सगळ्यांनी मोठ्याने साथ दिली. धूर झाला. ज्वाळा झाली. आणि रॉकेट, खरोखरचं, बिनकाडीचं, आमच्या सुनेने हात लावलेलं रॉकेट जमिनीवरून सुटलं. आजही सांगताना अंगावर काटा येतो. हॉलमध्ये असा कल्ला झाला की पंखा हलला. ते वर गेलं, आणखी वर गेलं, इतकं वर गेलं की पाणी खाली आणणाऱ्या माझ्यासारख्या माणसाची मान दुखायला लागली.

मग ते थोडं तिरकं झालं.

"वळलं," कुणीतरी जाणकारपणे म्हणालं. "वळावं लागतं."

मग ते आणखी वळलं. त्याच्या पोटातून भलतीकडून धूर आला आणि पडदाभर एक नारिंगी गोळा उमलला. दिसायला ते इतकं देखणं होतं की सगळ्या हॉलने कडाडून टाळ्या वाजवल्या.

"किती छान हो," कुलकर्णी काकू म्हणाल्या. "रंग बघा ना."

टाळ्या वाजतच राहिल्या. इंग्रजीत बोलणारा कंपनीचा माणूस गप्प झाला होता, ते फक्त दोघांच्या लक्षात आलं. गायकवाड साहेब हळूच उठले आणि म्हणाले, "थांबा. टाळ्या थांबवा जरा." आणि शेवटच्या रांगेत पाटणकरांनी चष्मा काढून मांडीवर ठेवला.

हॉल शांत झाला. तुकडे समुद्राकडे चालले होते. माझ्या कपाळावर घाम सुटला. आणि माणसाला कपाळावर घाम सुटला की तो जे करतो, ते मी केलं. मी खिशातून रुमाल काढला.

बाळाराम इमानी माणूस. खिडकीत पांढरं दिसलं मात्र, गेटवर बेंजो पेटला.

मी खिडकीतून हात हलवून ‘नाही, नाही’ म्हणालो. रुमाल हातातच होता. बाळारामला वाटलं, काका लाजतायत. त्याने ठेका वाढवला. मी दोन्ही हात हलवले. त्याने ट्रॉली आवारात घेतली. मी जिना उतरून धावत गेलो, तर त्याच्या पोरांनी मला मध्ये घेऊन फेर धरला. समुद्रात केतकीचे कष्ट बुडत होते आणि बाळकुममध्ये तिचा सासरा हातात रुमाल घेऊन बेंजोच्या मधोमध गरगर फिरत होता. कॅमेऱ्याच्या पोराने हे सगळं टिपलं. त्याची नोकरी होती.

इथपर्यंतचं सगळं माफ होण्यासारखं आहे. इथपर्यंत मी नुसता गाढव होतो.

ती माईकवाली मुलगी पुढे आली. "काका, तुमच्या सुनेचं रॉकेट कोसळलं. काय वाटतं तुम्हाला?"

माझ्या मागे मीच होतो, पुरुषभर उंच, हात जोडलेला, ‘आमच्या लाडक्या सूनबाई’ असं डोक्यावर घेऊन. आजूबाजूला अख्खी सोसायटी. आणि मी, तोंडात अर्धा पेढा असताना, स्पष्ट मराठीत म्हणालो, "सून कसली? ती डोंबिवलीच्या पाटणकरांची मुलगी. त्यांना विचारा. आमच्या घरात आजवर असलं काही पडलेलं नाही."

हे वाक्य कुणी माझ्या तोंडी घातलेलं नाही. पेढ्यासकट ते माझंच होतं.

मुलीने माईक फिरवला. पाटणकर मागून येत होते. त्यांनी ऐकलं होतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. बेंजो तेवढ्यात थांबला होता, म्हणून त्यांचा तो हळू आवाज त्या दिवशी सगळ्यांना ऐकू आला.

"हो, माझी मुलगी," ते म्हणाले. "फार वर गेलं हो. मला वाटलं नव्हतं एवढं वर जाईल."

एवढं बोलून ते डोंबिवलीला निघून गेले. पेढा न घेता.

दुपारपर्यंत व्हिडिओ सगळीकडे गेला. ‘सुनेचं रॉकेट पडलं, सासऱ्याने बेंजो लावला.’ मी कधी न पाहिलेल्या माणसांनी माझ्याबद्दल मतं मांडली. एकाने लिहिलं, असा सासरा असेल तर मीही पृथ्वी सोडून जाईन. एकीने लिहिलं, माझा सासरा असाच आहे, फक्त बेंजो नाही. कल्याणच्या बाजारातून संदीपला फोन, ‘तो काडीवाला बॅनर तूच केलास का, आम्हालाही करून दे.’ माजिवड्याचा बॅनर उतरवायचा, तर शिडी कल्याणची आणि संदीप शिडीसकट ट्रॅफिकमध्ये. तोवर घोडबंदरकडे जाणाऱ्या प्रत्येक बसने यशस्वी उड्डाणाबद्दलचं माझं अभिनंदन सावकाश वाचलं.

संध्याकाळपासून लोक भेटायला येऊ लागले. आपल्याकडे घरात काही वाईट घडलं की भेटायला कसं जायचं हे सगळ्यांना ठाऊक असतं, पण रॉकेटसाठी वेगळी पद्धत कुणाला माहीत नव्हती. त्यामुळे लोक चपला बाहेर काढून, खाली मान घालून, सोफ्याच्या काठावर बसत.

"सकाळी गेलं ना?"

"हो. सकाळीच."

"फार सोसावं नाही लागलं ना?"

"नाही. लगेचच."

"तेवढं तरी बरं."

कुलकर्णी काकू तर पिठलं-भात घेऊन आल्या. म्हणाल्या, "आज चूल पेटवू नका." आम्ही मुकाट्याने खाल्लं.

पण थट्टा मी माझीच सांगतोय. केतकीची थट्टा आमच्याकडे कुणी केली नाही, हेही नोंदवायला हवं. सोसायटीच्या ग्रुपवर एकाने पडणाऱ्या रॉकेटचं चित्र टाकून वर हसरे चेहरे टाकले, तेव्हा गायकवाड साहेबांनी खाली लिहिलं, ‘आपल्या इमारतीतल्या एका मुलीने आभाळाच्या दिशेने काहीतरी फेकलं. आपण आजवर गॅलरीतून फक्त कचरा फेकत आलो. कृपया विचार करावा.’ चित्र टाकणाऱ्याने ते लगेच काढून टाकलं. आणि दुसऱ्या दिवशी आवारात कचराही पडला नाही.

मी रिक्षाने माजिवड्याला बॅनर उतरवायला गेलो, तर रिक्षावाला म्हणाला, "काका, ते रॉकेट बघितलं? काय भारी उडालं यार. माझी रिक्षा पण पहिल्या किकला कधी चालू नाय झाली." मी टोपी पुढे ओढली. उतरताना त्याने बॅनर पाहिला, मग मला पाहिलं, मग पुन्हा बॅनर पाहिला. "तुमीच ना ते? नाचत होते ते?" मी हो म्हणालो. तो म्हणाला, "सून सॉलिड आहे तुमची."

तुमची, म्हणाला. अनोळखी माणूस.

घरात सुमन काही बोलली नाही. न बोलण्यात ती पहिल्यापासून तरबेज आहे. सकाळी फक्त ताट वाढताना म्हणाली, "डोंबिवलीच्या पाटणकरांच्या मुलीने पाठवलेलं लोणचं आहे. तुम्हाला चालेल का?"

"वाढ ना."

"नाही, आपल्या घरातलं नाही ते. म्हणून विचारलं."

चहा देताना म्हणाली, "कप पाटणकरांच्या मुलीने आणलाय. सांभाळून. आपल्या घरात काही पडत नाही."

केतकीचा फोन आला तो त्यानंतर. मी उचलला आणि तिने काही बोलायच्या आत सांगून टाकलं, "अगं, तो व्हिडिओ एडिट केलेला आहे."

"बेंजोसुद्धा?"

"नाही... बेंजो खरा आहे."

ती हसली. आवाज बसलेला होता, रडून की ओरडून ते कळेना. "बाबा, कंट्रोल रूममध्ये सगळे डोकं धरून बसलेलो. कुणी कुणाशी बोलत नव्हतं. तेवढ्यात कुणीतरी तुमचा व्हिडिओ लावला. तुम्ही रुमाल घेऊन फिरताय, आणि मागे ती काडी. आमचे सर टेबलावर डोकं ठेवून हसले हो. मग सगळे उठले आणि कामाला लागले. काय बिघडलं ते सापडायला लागलंय."

मी विचारलं, "पूर्ण व्हिडिओ पाहिलास?"

 ती म्हणाली, "रेंज जातेय, बाबा."

तेव्हापासून तो प्रश्न माझ्या मागे लागला. तिने शेवटचं वाक्य ऐकलं की नाही? ऐकलं असेल तर माफी मागायला हवी. ऐकलं नसेल तर माफी मागणं म्हणजे स्वतःच नेऊन ऐकवणं. मी ‘एडिट केलेला आहे’ हे सगळ्यांना सांगत सुटलो, ते या आशेवर, की फिरत फिरत तिच्यापर्यंत हेच पोचेल.

पुढे ती आणि अमोल सुट्टी घेऊन आले. गेटवरचा बॅनर मी उतरवलेला, तो गायकवाड साहेबांनी परत लावला होता. ‘यशस्वी’ या शब्दावर त्यांनी पांढरा कागद चिकटवून, स्वतःच्या अक्षरात ‘पहिल्या’ असं लिहिलं होतं. पहिल्या उड्डाणाबद्दल हार्दिक अभिनंदन. आणि माझ्या चेहऱ्यापासून छातीपर्यंत, नेमकी जागा शोधून, केतकीचा मोठा फोटो चिकटवला होता. खाली माझे जोडलेले हात तेवढे शिल्लक होते. ते एकदम शोभून दिसले.

सगळी सोसायटी खाली. कुलकर्णी काकूंनी ओवाळणीचं ताट धरलेलं. बाळारामही आलेला, न बोलावता.

"काका," तो मला म्हणाला, "त्या दिवशी मी मदीच वाजवलं म्हनून लोक मला बोलले. मी म्हनलं, पोरीनं उडवलं ना? परलं तं परलं. वाजवायचं ते उडवल्याबद्दल वाजवलं."

पाटणकरही आले होते. गर्दीच्या मागे, भिंतीला टेकून.

माझं वाक्य तयार होतं. कैक दिवस आरशासमोर घोटलेलं. केतकी रिक्षातून उतरली, वाळलेली, उन्हाने काळवंडलेली, आणि बॅनरकडे पाहून मोकळं हसली. मी पुढे झालो. म्हटलं, "केतकी, त्या दिवशी मी जे बोललो..." आणि डोळे भरून आले. आणि माणसाचे डोळे भरून आले की तो जे करतो, ते मी केलं.

रुमाल पुरता बाहेरही आला नव्हता. बाळारामने अर्धाच पाहिला.

पुढचं माझं सगळं वाक्य मी बेंजोत बोललो. अगदी व्यवस्थित, एकही शब्द न गाळता. केतकी वाकून कान पुढे करत होती आणि मी तिच्या कानात माझी माफी ओरडत होतो, आणि ट्रॉलीवरचा कर्णा आम्हा दोघांच्या मध्ये होता. मग एकदम बेंजो थांबला. सगळे माझ्याकडे पाहू लागले.

"काय म्हणत होतात, बाबा?" केतकीने विचारलं.

सुमन पाहत होती. पाटणकर पाहत होते. आरशासमोरचं वाक्य पुन्हा बोलायचं तर आता ते सगळ्या सोसायटीला ऐकू गेलं असतं.

मी म्हणालो, "म्हणत होतो, ती काडी काढून टाकायला हवी होती."

सगळे हसले. पाटणकरही हसले, पण चष्मा काढून.

ते चार दिवस मी संधी शोधत होतो. ती जेवताना सुमन असे, ती टीव्ही बघताना अमोल असे, आणि ती एकटी असे तेव्हा नेमका माझा धीर बाहेर गेलेला असे. इमारतीतले लोक तिला भेटायला येत. कुलकर्णी काकूंनी तिच्याकडून अख्खी झडप समजून घेतली, आणि आता त्या आपल्या कुकरच्या शिट्टीबद्दलही त्याच भाषेत बोलतात. ती सांगत होती, कुठे चुकलं, का चुकलं, पुढच्या वेळी काय बदलणार. ज्या गोष्टीची मला चारचौघांत लाज वाटली, ती गोष्ट ही मुलगी चारचौघांत पडद्यावर लावून बोट ठेवून दाखवत होती. ‘इथे आमची चूक झाली’ हे वाक्य ती किती सहज म्हणायची. मी दाराआड उभा राहून ते वाक्य शिकत होतो.

निघण्याच्या दिवशी मी एकटाच तिला खाली सोडायला गेलो. मुद्दामच. अमोल बॅगा घेऊन पुढे गेला होता. रिक्षा उभी होती. केतकी वाकली, नमस्कार केला, आणि सरळ होताना माझ्याकडे पाहून, अगदी गोड हसून म्हणाली, "येते हं बाबा. पाटणकरांची मुलगी येते."

म्हणजे ऐकलं होतं. पहिल्या दिवसापासून. पूर्ण. पेढ्यासकट.

पायाखालची जमीन सरकली म्हणतात, तसं काही झालं नाही. उलट फार हलकं वाटलं. आता लपवायला काही उरलंच नव्हतं, फक्त दोन शब्द बोलायचे होते. घसा साफ केला. डोळ्यांत पाणी आलं. आणि सवय वाईट. हात खिशात गेला.

समोरच्या इमारतीत त्या दिवशी कुणाची तरी हळद होती. गेटपाशी ट्रॉली लावून बाळाराम चहा पीत उभा होता. त्याने कप खाली ठेवला.

केतकी रिक्षात बसून पोट धरून हसत होती. मी बोलत होतो. माझे ओठ तिला दिसले असतील. ओठांवरून तिने काय वाचलं, ते मला आजवर विचारता आलेलं नाही. रिक्षा माजिवड्याकडे वळली, तरी माझं वाक्य संपलं नव्हतं आणि बाळारामचंही.

आता दुसऱ्या रॉकेटची तारीख आली आहे. बॅनर नाही. पहिल्या रांगेत मधोमध पाटणकर बसणार आहेत, मी त्यांना डोंबिवलीला जाऊन सांगून आलो. शेवटची रांग माझी. ते वर जावो की खाली येवो, माईक पुढे आला तर मी सांगणार आहे, मी डोंबिवलीच्या पाटणकरांच्या मुलीचा सासरा. आणि खबरदारी म्हणून मी रुमाल बाळगणं कायमचं सोडलं आहे, आता घाम आला तरी बाहीला पुसतो. त्यामुळे खिसा रिकामा झाला असं सुमनला वाटतं. तसं नाही. केतकीसाठी ठेवलेली ती माफी अजून तिथेच आहे, नीट घडी घातलेली, आणि बाहेर काढायला जावं तर हाताला रुमालासारखीच लागते.